ओवलेल्या सुया

गेली बरीच वर्षे मी पदवीच्या वर्गाला सूझन ग्लास्पेल यांची ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका शिकवीत आले आहे. १९१६ च्या ऑगस्टमध्ये प्रॉव्हिन्सटाउन येथे तिचा पहिला प्रयोग झाला आणि त्यात मिसेस हेलची भूमिका स्वतः ग्लास्पेल यांनीच केली. त्याआधी आयोवा राज्यात वार्ताहर असताना त्यांनी एका शेतकऱ्याच्या खुनाच्या खटल्याची वार्तापत्रे लिहिली होती. आरोपी त्या शेतकऱ्याची पत्नीच होती. त्या खटल्यातून पुढे ही एकांकिका आली आणि १९१७ मध्ये त्याच कथानकावरची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ ही कथाही.

कथानक साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. मिनी राइट नवऱ्याच्या खुनाच्या संशयावरून अटकेत आहे. तिच्या घरात पुरुष पुरावा शोधत वर-खाली फिरत आहेत आणि मिसेस हेल व मिसेस पीटर्स या दोघी स्वयंपाकघरात थांबल्या आहेत. तिथे त्यांना मिनीची अर्धवट राहिलेली गोधडी सापडते. सगळे तुकडे नेटके शिवलेले. एकाच तुकड्यावरचे टाके मात्र वेडेवाकडे, जणू हात थाऱ्यावर नसताना घातलेले. मिसेस हेल बोलता बोलता ते टाके उसवते आणि सुई घेऊन नीट घालू लागते. गोधडीची चर्चा करणाऱ्या या बायकांना पुरुष हसतात. ज्या टाक्यांत खुनामागचे कारण दडलेले आहे, ते टाके त्यांच्या माघारी नाहीसे होतात.

यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘मॅडम, मिसेस हेल मिनीला मदत करते आहे, की तिने जे सोसले त्याची खूणच पुसून टाकते आहे?’ मी पाठ्यक्रमाला साजेसे उत्तर दिले. भगिनीभाव, मौनाची भाषा, कायदा आणि न्याय यांतले अंतर वगैरे. मुलीने ते वहीत उतरवून घेतले. पण ते उत्तर पोकळ होते, हे मला बोलतानाच जाणवत होते. कारण हा प्रश्न मला कोणी प्रथमच विचारत नव्हते. माण तालुक्यातल्या एका गावात, लिंबाच्या सावलीत, तो मी स्वतःवर ओढवून घेतला होता. त्याला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली.

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. माणदेश हा पावसाच्या मेहेरबानीवर जगणारा मुलूख. सुगी उरकली, शेतातली कामे थंडावली, की फाल्गुन-चैत्रापासून बायका वाकळांना हात घालीत आणि मृग लागण्याआधी त्या उरकीत. सारवलेल्या अंगणात जुने लुगडे ताणून अंथरायचे, कडांवर दगड ठेवायचे, वर जुनी धोतरे, सदरे, झंपर, पोरांची विटलेली कपडे यांचे थर द्यायचे, खळगा राहील तिथे चिंध्या बसवायच्या आणि सगळ्यांवर पुन्हा एक लुगडे. मग चार बाजूंना चौघी-पाचजणी बसत. शिवण कडेने सुरू होई आणि चौकोनामागून चौकोन करीत आत सरके. साधा धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. ते अंतर मोजायला डोळे लागत नाहीत. डाव्या हाताचे बोट आधीच्या ओळीवर ठेवायचे आणि त्याच्या कडेने सुई चालवायची. हा तपशील मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

शेतीच्या कामात आमच्याकडे वारंगुळ्याची रीत होती. आज तुम्ही माझ्या रानात, उद्या मी तुमच्या. त्याचा हिशोब चोख असे आणि तो बोलूनही दाखवला जाई. वाकळेलाही वरवर हाच नियम होता: या आठवड्यात आमची, पुढच्या आठवड्यात शेजारची. परंतु त्या हिशोबाच्या आत आणखी काही चालत असे, आणि ते हिशोबात धरायचे नाही असा एक अलिखित नियम होता.

तो नियम मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कळला नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या जिल्ह्यातले कितीतरी पुरुष गिरण्यांत होते. ते एकेक करून गावी परतू लागले. शेजारच्या नानीचा नवराही आला. त्या उन्हाळ्यात नानीची वाकळ निघाली तेव्हा तिच्याकडे थरांना कपडेच नव्हते. अंगावरचे कपडे जुने व्हायला आधी नवे घ्यावे लागतात, आणि जे होते ते नेसल्यावाचून गत्यंतर नव्हते. मी तेव्हा बारा वर्षांची. आदल्या संध्याकाळी माझ्या मोठ्या आईने, म्हणजे थोरल्या चुलतीने, ट्रंकेतून दोन चांगली धडधाकट लुगडी काढली, दातांत धरून त्यांचे काठ फाडले, मधोमध एकेक खोंबारा पाडला आणि चुलीपाशी नेऊन थोडी राख चोळली. ‘का फाडलीस?’ असे मी विचारले तर म्हणाली, ‘इरली व्हती.’ दुसऱ्या दिवशी तीच लुगडी नानीपुढे टाकून ती म्हणाली, ‘ही फाटकी घाल आत. घरात नुसती आडचन झालीया.’ नानीने लुगडे हातात घेतले. जिचा हात वर्षानुवर्षे कापडावरून फिरला आहे, तिला इरलेले कोणते आणि फाडलेले कोणते हे कळत नसेल असे थोडेच आहे? तिने ते उलगडले, झटकले आणि थरात अंथरले. कोणीही आभार मानले नाहीत. मानले असते तर ते लुगडे पुन्हा चांगले झाले असते, आणि मग ते घेता आले नसते.

अशा गोष्टी मला नंतर हळूहळू दिसू लागल्या. पहिलटकरणीच्या बाळासाठी दुपटे शिवायचे असले, की घरोघरचे मऊ झालेले कापड आपोआप गोळा होई. नवरा गेलेल्या एकीने त्याचा सदरा वाकळेत घालायला आणला खरा, पण तिला तो हातून सोडवेना. तेव्हा शेजारी बसलेलीने तो तिच्या हातून घेतला आणि न बोलता मधल्या थरात घातला. वर ठेवला असता तर रोज दिसला असता; अजिबात घेतला नसता तर तो पेटीत कुजला असता. आत राहिला म्हणजे दिसणार नाही आणि ऊब मात्र देईल. एवढा विचार कोणी मांडून केला असेल असे मला वाटत नाही. हाताला ते ठाऊक होते.

अर्थात हे लिहिताना स्वतःला आवरायला हवे. त्या अंगणाला सीमा होती. गावकुसाबाहेरच्या बायका आमच्या वाकळेभोवती कधी बसल्या नाहीत. त्यांच्याही वाकळा होत्या, त्यांच्याही अंगणात असेच काही घडत असणार. पण ते मी पाहिलेले नाही, कारण आम्हांला तिकडे पाठवले जात नसे. तेव्हा ‘गावाचा जिव्हाळा’ असे म्हणताना मी खरे तर पाच-सहा घरांबद्दल बोलते आहे. ज्या माया करणाऱ्या हातांविषयी मी लिहिते आहे, त्याच हातांनी काही जणींना पाणी वरून ओतले होते. ही गोष्ट वगळून उरलेले सांगितले, तर मीही आतल्या थरात काहीतरी लपवल्यासारखे होईल.

आता मूळ गोष्ट. १९८८ च्या उन्हाळ्यात मी महाविद्यालयाचे पहिले वर्ष संपवून गावी आले. मोठ्या आईला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसू लागले होते. मोतीबिंदू होता; पण तेव्हा मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करीत नसत, म्हणून ती थांबून होती. दिसत नाही हे तिने कोणाला सांगितले नव्हते. उंबरा मोजून ओलांडायची, माणूस आवाजाने ओळखायची. वाकळेवर मात्र रोज बसायची. तिची शिवण साऱ्या आळीत नावाजलेली होती. ती बसली नसती तर सगळ्यांना कळले असते.

ती बसत असे ती जागा ठरलेली होती: सरळ कडेची, जिथे वळण घ्यावे लागत नाही. ती जागा तिच्यासाठी रोज रिकामी असे. आणि त्या जागेपुढे वाकळेच्या काठात दहा-बारा सुया ओळीने टोचून ठेवलेल्या असत, प्रत्येकीत दोरा ओवलेला, गाठ मारलेली. एक दोरा संपला की मोठी आई चाचपून पुढची सुई घेई. सुई ओवणे हे पोरांचे काम, त्यामुळे त्यात कोणाला वावगे दिसायचे कारण नव्हते. पण इतर जणींपुढे ओवलेल्या सुया नसत. त्या पोरांना हाक मारीत किंवा स्वतः दोरा ओठांत धरून ओवीत. नानी पहाटे आपल्या घरी, धाकट्या मुलीला चिमणीपुढे बसवून त्या सुया ओवून घ्यायची आणि आमच्या अंगणात सगळ्यांच्या आधी येऊन टोचून ठेवायची.

संध्याकाळचे मला दिसले ते योगायोगाने. सगळ्या उठून गेल्यावर नानी एकटीच वाकळेपाशी बसलेली. मोठ्या आईच्या दिवसभराच्या ओळी ती बोटाने तपासत होती. बहुतेक सरळ होत्या. पण कुठे टाका वरच्या लुगड्यातच राहिलेला, कुठे दोन ओळी एकमेकींना भिडलेल्या. तेवढेच टाके ती उसवत होती आणि पुन्हा घालत होती. तिच्या नेहमीच्या टाक्यासारखे नव्हे. मोठ्या आईचा टाका बारीक आणि किंचित तिरका असे. नानी तसाच घालत होती. हे मला तेव्हाही लक्षात आले.

मी भारावून गेले. वय अठरा, नुकतेच वाङ्मय वाचायला लागले होते आणि जगात सुंदर काही दिसले की ते मोठ्याने म्हटले पाहिजे, अशी माझी समजूत झाली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या जमलेल्या असताना, मी म्हणाले, ‘नानी, किती गं मोठं मन तुझं! रोज मोठ्या आईचे चुकलेले टाके नीट करतेस आणि कुणाला सांगतसुद्धा नाहीस.’

कोणी मान वर केली नाही. फक्त सगळ्यांच्या सुया क्षणभर थांबल्या. मोठ्या आईने हातातली सुई वाकळेत टोचली, ‘जनावरांचं पानी बगते,’ असे म्हणून ती उठली, आणि उंबऱ्याला अडखळली. त्या उन्हाळ्यात तोवर ती तिथे एकदाही अडखळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती वाकळेवर आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काठातल्या ओवलेल्या सुया तशाच राहिल्या. माझ्यावर कोणी रागावले नाही, हे जास्त जड गेले. नानी एवढेच म्हणाली, ‘पोरी, तू वंगाळ बोलली न्हाईस. पर काय काय गोष्टी बगायच्या आसत्यात, बोलायच्या नसत्यात.’

आठवड्याने वाकळ जवळजवळ पुरी झाली; मधला हात-दीड हात तेवढा उरला. तेव्हा नानी बोटाला चिंधी बांधून आमच्या सोप्यात आली आणि वाकळ मोठ्या आईच्या मांडीवर टाकून म्हणाली, ‘आक्का, नखुरडं झालंय. सुई धरवंना. ह्ये मधलं तेवढं तुमी घाला, न्हाईतर पाऊस यील.’ मोठी आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आन हिकडं.’ आणि माझ्याकडे न पाहता, ‘सुया वव गं.’

मी सुया ओवल्या. दोन दिवस ओवत होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. नानीच्या बोटाला काही झालेले नव्हते. चिंधी कधी उजव्या बोटाला असे, कधी डाव्या. मोठ्या आईला ती चिंधी दिसत नव्हती. पण मला वाटते, न दिसताही तिला ती कळली होती, जशी सहा वर्षांपूर्वी नानीला ती फाडलेली लुगडी कळली होती. एकीने गरज असल्याचे सोंग केले, दुसरीने ते खरे मानल्याचे. दोघींनी मिळून ते सोंग निभावले आणि त्यात मी मोडलेले काहीतरी सांधले गेले. ही त्या लुगड्यांची फेड होती का, असा प्रश्न मी आज विचारू शकते. त्या दोघींनी तो विचारला नसता. फेड म्हटले की वारंगुळा झाला.

पुढच्या हिवाळ्यात मोठ्या आईच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तिला जाड भिंगांचा चष्मा लागला. घरी आल्यावर तिने वलणीवरची ती वाकळ उतरवून उन्हात अंथरली आणि चष्म्यातून न्याहाळत तिच्यावरून हात फिरवीत राहिली. ती काही बोलेल म्हणून मी थांबले. तिने वाकळेची घडी घातली, ती पुन्हा वलणीवर टाकली आणि म्हणाली, ‘नानीला हाक मार. च्या टाकते.’

या गोष्टीतून ‘उपकार झाकून करावेत’ असे सुभाषित काढणे सोपे आहे, पण माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याने सुटत नाही. झाकण्याने पुसलेही जाते. अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीत राबलेल्यांच्या वंशजांची ती वस्ती. तिथल्या बायकांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागल्या, तेव्हा प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव होते. त्यांत मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्याच कपड्यांची शिवलेली गोधडीही आहे. २००७ साली त्यांतल्या काही जणींनी आपल्या कामाच्या मोबदल्यावरून न्यायालयात दावेही दाखल केले. बायकांच्या हातचे काम अनामिक राहिले की त्याचे मोल दुसऱ्याच्या खिशात जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. नाव घेणे हा तिथे न्याय आहे. आमच्या अंगणात नाव घेणे हा आघात ठरला. या दोहोंत खोटे काहीच नाही.

भेद कुठे आहे याचा मी बराच विचार केला. मला वाटते, प्रश्न ‘बोलावे की न बोलावे’ असा नसून ‘कोणाचे झाकलेले कोण उघडते’ असा आहे. जीज बेंडच्या बायका स्वतःसाठी बोलल्या. मी मोठ्या आईचे झाकलेले उघडले, आणि तेही नानीचे कौतुक करण्यासाठी. खरे सांगायचे तर मला ते दिसले, हे सर्वांना कळावे म्हणून. समीक्षेचा धंदा करणाऱ्यांना हा मोह नेहमीच असतो. आपण उसवतो आणि उसवून दाखवल्याचे श्रेय घेतो.

मिसेस हेलकडे मी आता थोडे वेगळे पाहते. तिने टाके नीट केले, पण उशिरा. मिनीकडे आपण फारसे गेलो नाही, याची खंत तिला सबंध एकांकिकाभर जाळते. ती नानीसारखी रोज संध्याकाळी येऊन बसली असती, तर कदाचित ते टाके इतके वाकडे गेलेच नसते. तिची सुई मिनीला वाचवते खरी. पण ती सुई चालते ती मिनीच्या गैरहजेरीत, मिनीला विचारल्यावाचून. नानीचेही तसेच होते, निदान मी बोलेपर्यंत.

मी बोलल्यानंतरचे मात्र वेगळे आहे, आणि ते माझ्या फार उशिरा ध्यानात आले. ती वाकळ आता माझ्याकडे आहे. दोघीही जणी गेल्या. दसऱ्याआधी ती धुऊन वाळत घातली असता मी तिच्या ओळी पाहत होते. कडेच्या ओळींत मोठ्या आईचे टाके कोणते आणि नानीने तिच्यासारखे घातलेले कोणते, हे मला ओळखता येत नाही. पण मधला हात-दीड हात स्पष्ट वेगळा आहे. तिथल्या ओळी भरकटल्या आहेत, एकमेकींना भिडल्या आहेत, दोन ठिकाणी टाका खालच्या लुगड्यापर्यंत पोहोचलेलाच नाही. ते टाके नानीने उसवले नाहीत. वाकळ तिच्याच घरात पुरी झाली होती. रात्री बसून ती ते सहज नीट करू शकली असती. जे उघडे पडले ते पुन्हा झाकण्यात आता अर्थ नव्हता. झाकले असते तर मोठ्या आईला दुसऱ्यांदा लाजवल्यासारखे झाले असते. म्हणून तिने ते तसेच राहू दिले. पहिल्या वेळी नीट करण्यात जी माया होती, तीच दुसऱ्या वेळी हात न लावण्यात होती.

त्या विद्यार्थिनीला हे मी अजून सांगितलेले नाही. सांगेन, पण नावे न घेता. इथेही घेतलेली नाहीत.

परवा एक बटण लावायला सुईची डबी उघडली. गेली दोन-तीन वर्षे दोरा सुईत पहिल्या खेपेला जात नाही. मी तो खिडकीपाशी नेऊन, श्वास रोखून ओवते. डबीत चार सुया कागदाला टोचून ठेवल्या होत्या. दोन पांढऱ्या दोऱ्याच्या, एक काळ्या, एक निळ्या. गाठी मारलेल्या. घरात माझ्याखेरीज दोघेच असतात. मी कोणाला विचारले नाही.